चौतीस टक्क्यांवर बंद पडणारा फोन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज दुकान उघडलं. राजारामपुरी आठवी गल्ली, आठ बाय नऊचा गाळा. वर पाटी: 'फक्त बॅटरी'. खाली बारीक अक्षरात: 'न निघणारीसुद्धा बदलून मिळेल'.

समोरच्या चहावाल्यानं पाटी वाचली आणि म्हणाला, "ताई, न निघणारी म्हंता आनि बदलतो म्हंता. एक कायतरी खरं बोला की."

त्याला समजावलं की कंपनी मागचं झाकण गोंदानं चिकटवते, म्हणून लोक म्हणतात निघत नाही. गोंद बेतानं तापवला की निघतं. घाई केली तर काच तडकते, हाच काय तो फरक.

हंबीरराव मालकांच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानात नऊ वर्षं काढली. स्क्रीन, स्पीकर, चार्जिंगचा सॉकेट, सगळं केलं. एक गोष्ट रोज दिसायची. माणूस "फोन गेला" म्हणून येतो, नवा घ्यायच्या तयारीत असतो, आणि फोन असतो ठणठणीत. बॅटरी तेवढी म्हातारी झालेली. मालकांना म्हटलं, मी नुसत्या बॅटरीचं दुकान काढते. ते म्हणाले, "नुसत्या बॅटरीवर पोट भरत न्हाय पोरी. आनि काढायचंच आसंल तर काढ, पर तारीख बघितल्याबिगर माल घेऊ नको. बॅटरी डब्यात पडून बी म्हातारी हुत्या."

नऊ वर्षांनी निघताना आशीर्वाद द्यायचा सोडून तारखा!

आईनं वाळूची बादली आणून टेबलाखाली ठेवली. तीस वर्षं नर्स होती, कुठलंही काम सुरू करताना आधी काय बिघडू शकतं ते बघते. मी म्हटलं, काही पेटणार नाही. ती म्हणाली, "न पेटली तर बादली कुठं खायाला मागत्या?"

८ नोव्हेंबर, शनिवार

सहा दिवसांत तेरा गिऱ्हाइकं. त्यातली सात जण म्हणाली, "हंबीररावांनी पाठवलंय."

मालकांचा डाव माझ्या लक्षात आला. कडा वळलेल्या काचेचे, आधी कुणीतरी उचकटलेले, बॅटरी फुगून पडदा वर आलेले, असे नेमके कटकटीचे फोन माझ्याकडे ढकलताहेत. बघतात हिचा हात कुठं चुकतो. सातही केले. एकही काच तडकली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मोठं काम आलं!

दुपारी राजनंदिनी मॅडम आल्या. एका दूध संघाच्या गगनबावडा भागाच्या पर्यवेक्षक. वय माझ्याएवढंच, तिशीच्या आसपास. बोलणं नेमकं, हातात कागदांची फाइल. त्यांच्या हाताखाली सेहेचाळीस पशुसखी आहेत. गावातल्याच बायका. रोज सकाळी गोठ्यागोठ्यात जायचं, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटो काढायचा, ताप-दूध-चारा भरायचा, जनावर आजारी असलं तर तिथूनच डॉक्टरला निरोप पाठवायचा. फोन संघानं चार वर्षांपूर्वी दिलेले.

"सखी फोन बंद करून ठेवतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे कुठं आहेत ते आम्हाला दिसत नाही." फाइलीतून तक्ता काढला. "ही बायडाबाई. एका महिन्यात एकोणीस सकाळी फोन बंद. बारा तारखेला एका शेतकरणीची म्हैस पोट फुगून गेली. निरोप वेळेत आला असता तर वाचली असती. फोन पावणेसातला बंद, नऊला चालू. त्या म्हणतात चौतीस टक्के असताना आपोआप बंद पडला. चौतीस टक्क्यांवर फोन बंद पडतो का हो?"

"पडतो," मी म्हटलं.

त्यांना पटलं नाही. मग टाकीचं उदाहरण दिलं. जुन्या टाकीत गाळ साठतो, तिचा नळही गंजतो. गाळामुळे पाणी कमी मावतं, गंजामुळे धार बारीक होते. पडद्यावरचा आकडा टाकीत पाणी किती एवढंच सांगतो, नळाला धार किती ते सांगत नाही. अंधाऱ्या गोठ्यात फ्लॅश मारून फोटो काढणं म्हणजे एकदम बादलीभर पाणी मागणं. त्यात पहाटेची थंडी. थंडीत हा नळ आणखी आखडतो.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, "बावीस डिसेंबरला बैठक आहे. बायडाबाई आणि आणखी चौघींना कमी करायचं ठरतंय. त्याआधी सगळ्या बॅटऱ्या बदला. नव्या बॅटरीवरही फोन बंद राहिले, तर मग बायकाच बंद करतात हे सिद्ध होईल."

ठीक आहे म्हटलं. मला खात्री आहे.

माझं नाव कुणी दिलं विचारलं, तर म्हणाल्या, "लक्ष्मीपुरीत एका दुकानात हे सगळं काम द्यायला गेले होते. त्यांनीच तुमचा पत्ता दिला." कुठलं दुकान ते विचारायचं राहिलं. पाटीचा बोलबाला तिथवर पोचलाय म्हणायचा.

२ डिसेंबर, मंगळवार

पन्नास बॅटऱ्यांचं खोकं आलं. पुरवठादार नवा आहे, फोनवर गोड बोलला. वरच्या पाच तपासल्या, पाचही ठणठणीत. तारीखही बघितली, मालकांचा शब्द राहू दे. ऑक्टोबर २०२५. बघितली ना तारीख?

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. दुकान बंद. सकाळी आईबरोबर बिंदू चौकात जाऊन बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केलं. गर्दीत आईच्या ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, "लेकीनं दुकान काढलं म्हणं?" आई म्हणाली, "काढलं की. तिच्या हाताला कधी कापरं न्हाई." माझ्यासमोर हे ती कधी बोलत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार, गगनबावडा

रंकाळा स्टँडवरून पहिल्या एसटीनं आले. कळे गावाच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं अर्धा तास गेला. संघाच्या केंद्रात दोन टेबलं मांडून बसले. पोचले तेव्हा बोटं वाकत नव्हती इतका गारवा.

बायडाबाई सगळ्यात आधी आल्या. पन्नाशीच्या, ताठ, डोक्यावरून पदर, फोन रुमालात गुंडाळलेला. टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पावणं, ह्येनं माझी अब्रू घेतली. बघा काय करता येतंय का."

झाकण तापवून उघडलं. बॅटरी फुगून उशीसारखी झालेली.

"त्या दिवशी काय झालं?" मी विचारलं.

"धोंडुबाईची म्हस फुगली हुती. फोटू काढाय गेले आनि मेला फोन. चौतीस टक्के, ह्या डोळ्यांनी बघिटलंय. चालूच हुईना. तशीच पळत सुटले डांबरीपतूर, दोन किलोमीटर. एका ट्रकवाल्याचा फोन घिटला. डाक्टर आला तवर म्हस आडवी. आता धोंडुबाई माझ्या सावलीला उभी ऱ्हात न्हाय. आमी दोघी एका मांडवातल्या नवऱ्या वो. तीस वर्सं एका विहिरीवर पानी भरलं."

बोलताना रडल्या नाहीत. मीच झाकणाकडे बघत राहिले.

दोन दिवसांत सेहेचाळीस फोन करायचे. जुनी बॅटरी काढायच्या आधी प्रत्येकीची मोजणी करते आणि बॅटरीवर सखीचं नाव लिहून वाळूच्या डब्यात ठेवते. हे काम कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. बहुतेकींत निम्मंच पाणी मावतंय. सगळ्यात वाईट बायडाबाईंची.

१० डिसेंबर, बुधवार

सेहेचाळीस पूर्ण. एक काच तडकली, ती आधीच चिरलेली होती. बायका फोन घेऊन हसत गेल्या. बायडाबाईंनी मला नाचणीची भाकरी आणि ठेचा बांधून दिला. बैठकीची मला आता काळजी वाटत नाही. त्यांना सांगून टाकलं, "आता फोन बंद पडणार नाही. पडला तर माझं नाव बदला."

१६ डिसेंबर, मंगळवार

तीन फोन आले. तिघींचं एकच म्हणणं: चाळीसवर बंद, तीसवर बंद.

तिघींनाही बजावलं. चुलीजवळ ठेवू नका, रात्रभर चार्जिंगला लावू नका, उशीखाली दाबू नका. वापरायची पद्धत चुकते, दुसरं काय असणार? बॅटरी तर नवी आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

आजचं लिहायला जड जातंय. तरी लिहिते.

अकराच्या सुमाराला बायडाबाई दुकानात उभ्या. पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. फोन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "सकाळी बंद पडला. एकेचाळीस टक्के."

मी म्हटलं, "बायडाबाई, खरं सांगा. तुमच्याकडून काही दाबलं जातंय का? बॅटरी नवी आहे हो."

त्या सावकाश म्हणाल्या, "तुमी बी त्येच म्हंता व्हय?"

एवढंच. आवाजही चढवला नाही. त्यांनी एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

झाकण उघडलं. बॅटरी उचलताना वरच्या स्टिकरचा कोपरा गोंदाला चिकटून वर आला. त्याच्या खाली दुसरा स्टिकर होता. नखानं वरचा पूर्ण सोलला. खाली तारीख: जून २०२१. साडेचार वर्षं कुठल्या तरी गोदामात रिकामी पडलेली बॅटरी, वर नवा कागद चिकटवून मला विकली. खोक्यात उरलेल्या चार सोलल्या. चारींचं तेच. मी तपासलेल्या वरच्या पाच तेवढ्या चांगल्या होत्या. मंडईतल्या पाटीत वर लालबुंद टोमॅटो रचून ठेवतात तसं. आणि मी ते बघून पाटी उचलली.

बायडाबाईंना दोन्ही कागद दाखवले. सांगितलं, "तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. आणि मघाशी जे बोलले ते तर त्याहून चुकलं."

त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. "माझ्या वयाची हाय म्हना की तुमची नवी बॅटरी," असं म्हणून हसल्या. मला हसू आलं नाही. चहा मागवला, तो मात्र दोघींनी घेतला.

पुरवठादाराचा फोन लागत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

सगळ्या बॅटऱ्या पुन्हा बदलणार. खर्च माझा. यावर आणखी काही लिहायचं नाही.

पण बैठक सोमवारी आहे आणि चांगला माल तोवर येणार नाही. आईला विचारलं, बैठकीत काय सांगू? तेवढी वेळ निभावून न्यावी आणि नंतर गुपचूप बदलून द्याव्यात, असं एक मन म्हणत होतं. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "पेशंटला चुकीचं औषध गेलं तर आधी डॉक्टरला सांगायचं, मग बाकीचं. लपवलं की दोन चुका."

संध्याकाळी हंबीरराव मालक दुकानात टपकले. बातमी कशी लागली कुणास ठाऊक. बॅटरीच्या आतला अडथळा, म्हणजे नळाला धार किती ते, मोजायचं यंत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ह्ये माझ्याकडं पडून हाय. जागा अडवतंय. एकेक बॅटरी ह्याला लावूनच घेत जा." वर एका पुरवठादाराचा नंबर कागदावर लिहून दिला. "माझं नाव सांग. तारखेत फसवायचा न्हाय त्यो."

पडून असलेल्या यंत्रावर धूळ कशी नव्हती ते कळलं नाही. अडगळ माझ्याकडे आणून टाकली, पण चांगली अडगळ आहे. ठेवून घेतली. आभार मानायच्या आत निघून गेले.

२२ डिसेंबर, सोमवार

बैठक झाली. जसं झालं तसं लिहिते.

गगनबावड्याच्या केंद्रात सतरंजीवर सेहेचाळीस सखी, समोर खुर्च्यांवर संघाचे व्यवस्थापक आणि राजनंदिनी मॅडम. मॅडमनी तक्ता वाचला. नव्या बॅटऱ्या घातल्यावरही बारा दिवसांत सव्वीस वेळा फोन बंद. "म्हणजे दोष फोनचा नाही," व्यवस्थापक म्हणाले.

मी उभी राहिले. म्हटलं, "दोष माझ्या बॅटऱ्यांचा आहे." दोन्ही स्टिकर टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. सगळ्या खोलीत गलका झाला.

व्यवस्थापक म्हणाले, "तुम्हीच खराब माल घातला आणि आता तुमचंच आम्ही ऐकायचं?"

"माझं ऐकू नका," मी म्हटलं. "मॅडम, तुम्ही स्वतः करून बघा."

बायडाबाईंचा फोन मॅडमच्या हातात दिला. आत तीच सोललेली बॅटरी होती, दुसरी येईपर्यंत परत बसवून दिलेली. अठ्ठेचाळीस टक्के. त्यांनी आकडा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मग त्या फोन घेऊन दूध गार करायच्या खोलीत गेल्या. दहा मिनिटं. मी दारात उभी होते, आत गेले नाही. आज नेमका तो फोन चालला असता तर बायडाबाई कामावरून गेल्या असत्या आणि मीही. बाकीच्या बायका दाराशी दाटीवाटीनं उभ्या. मॅडमनी टाकीवरच्या क्रमांकाचा फोटो घ्यायला फोन वर धरला. फ्लॅश चमकला आणि पडदा काळा झाला.

मॅडमनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग वळून आमच्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून आलं, "मी काही दाबलं नाही."

मागून बायडाबाईंचा आवाज आला, "मॅडम, मी बी न्हवतं दाबलं."

मॅडम बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या आणि मी लिहून ठेवलेली जुन्या बॅटऱ्यांची मोजणी मागून घेतली. स्वतःचा तक्ता शेजारी ठेवून एकेका नावावर बोट ठेवत गेल्या. ज्यांच्या बॅटऱ्या सगळ्यात थकलेल्या, त्यांचेच फोन सगळ्यात जास्त वेळा बंद. पाचही नावं वरच्या पाचांत. बायडाबाई पहिल्या.

त्यांनी तक्ता मिटला. व्यवस्थापकांना म्हणाल्या, "साहेब, तक्ता माझा आहे. वाचायला मीच चुकले. या पाचजणींची नावं मी मागं घेते." मग सतरंजीकडे वळून, सगळ्यांसमोर, "बायडाबाई, माझं चुकलं."

व्यवस्थापक थोडे गुरगुरले, पण कागदावर सही केली. मला म्हणाले, "पुन्हा बॅटऱ्या तुम्हीच घालायच्या. पण प्रत्येक बॅटरी मोजून, आमच्यासमोर."

मला तेच हवं होतं.

९ जानेवारी २०२६, शुक्रवार, गगनबावडा

नवा माल चोख. एकूण एक बॅटरी यंत्राला लावली, पाच परत पाठवल्या. मालकांच्या त्या पुरवठादारानं कुरकुर न करता बदलून दिल्या. काल आणि आज मिळून सेहेचाळीस पुन्हा पूर्ण. शिवाय मॅडमच्या सांगण्यावरून सखींना तासभर शिकवलं: बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, ऐंशीला चार्जरवरून काढली तर जास्त वर्षं टिकते, थंडीत फोन पदराआड उबेला ठेवा, पाठ फुगलेली दिसली तर टोचू नका, माझ्याकडे आणा. मॅडम मागं बसून बायकांबरोबर लिहून घेत होत्या.

दुपारी धोंडुबाई आल्या. बायडाबाईंनी सांगायच्या आधीच मी ओळखलं, कारण सतरंजीवरच्या सगळ्या गप्प झाल्या. बारकुड्या, उन्हानं रापलेल्या, हातात दाव्याला बांधलेली रेडी. दारातच थांबल्या. आत कुणाकडे बघेनात.

बायडाबाई उठून बाहेर गेल्या. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. रेडीनं शेपटी हलवून माशी उडवली.

"पळत गेलतीस म्हणं डांबरीपतूर," धोंडुबाई म्हणाल्या.

"व्हय."

"अनवाणी?"

"चप्पल तुटली हुती वाटंत."

"मला कोन सांगिटलं न्हाय त्ये." धोंडुबाईंनी दावं दुसऱ्या हातात घेतलं. "ही नवी घिटल्या. कानात बिल्ला मारलाय. काढ फोटू."

बायडाबाईंनी रुमालातून फोन काढला. पहिला फोटो धूसर आला. "आगं नीट काढ की!" धोंडुबाई ओरडल्या, आणि मग दोघी इतक्या मोठ्यानं बोलायला लागल्या, की मला आतलं शिकवणं बंद करावं लागलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

दुकानात बसायला वेळ पुरत नाही. राजनंदिनी मॅडमनी शेजारच्या भागाचे फोनही पाठवलेत.

दुपारी सामान आणायला लक्ष्मीपुरीत गेले होते. हंबीरराव मालकांच्या दुकानावरून जाताना बघितलं, तर काचेवरच्या कामांच्या यादीतली 'बॅटरी' ही ओळ खरवडून काढलेली. बाकीच्या ओळी तशाच. आत गेले. मालक एकटेच, चष्मा कपाळावर, एका स्क्रीनशी झटत होते. विचारलं, बॅटरीचं काम का बंद केलं?

"न्हाय गं येत कोन बॅटरीला," ते मान वर न करता म्हणाले. "कवाच बंद झालं."

मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. शेवटी नऊ वर्षं त्यांच्याकडेच शिकले, आणि आता माझ्या दुकानामुळं त्यांचं गिऱ्हाईक तुटलं. माझ्याकडे रोज दोन-तीन तरी फुटक्या स्क्रीनचे फोन येतात, मी परत पाठवते. उद्यापासून ते सगळे त्यांच्याकडे पाठवायचे ठरवलं आहे. मालकांना यातलं काही सांगायचं नाही. स्वाभिमानी माणूस आहे, उगाच मनाला लावून घेईल.